परदेशातली स्वयंसेवा: जाण्याची आणि परतण्याची तयारी

परदेशातल्या विकासकामासाठी वर्ष-दोन वर्षं स्वयंसेवक म्हणून जाणाऱ्यांची तयारी करून घेणं आणि ते परतले की त्यांच्यासोबत बसून झाल्या कामाचा आढावा घेणं, ही दोन्ही कामं आम्ही करतो. कुणी नर्स असते, कुणी हिशेबनीस, कुणी शिक्षकांना शिकवणारा, कुणी पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर. जाणारे आणि परतलेले असे दोघंही समोर येत राहिले की एक गोष्ट ठळक दिसते. परतल्यावर जे अडतं, त्यातलं बरंचसं निघण्याआधीच्या सहा महिन्यांत सोडवता येण्यासारखं असतं. म्हणून आम्ही तयारीची आखणी परतीच्या तारखेपासून सुरू करतो आणि मागे मागे येतो.

आधी वाट ठरते. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम १९७१ पासून चालू आहे, त्याचं मुख्यालय जर्मनीत बॉनला आहे आणि त्याची दारं निरनिराळ्या देशांच्या नागरिकांना खुली आहेत. अमेरिकेचा पीस कोर हा सरकारी स्वयंसेवक कार्यक्रम (१९६१) फक्त अमेरिकी नागरिकांना घेतो, जपानची १९६५ ची योजना जपानी नागरिकांना. ब्रिटनमध्ये १९५८ साली सुरू झालेली व्हीएसओ ही स्वयंसेवक पाठवणारी संस्था अनेक देशांतून माणसं घेते. अशा दीर्घ मुदतीच्या नेमणुकांमध्ये पगार नसतो, निर्वाह भत्ता असतो. तो तिथे साधेपणानं राहण्यापुरता असतो. घरचे कर्जाचे हप्ते त्यातून भागतील असं गृहीत धरून निघालेल्या माणसाची चौथ्या-पाचव्या महिन्यात ओढाताण सुरू होते.

मग येतो कामाचा तपशील. हा दोन पानी कागद बहुतेक जण व्हिसाच्या अर्जापेक्षाही कमी लक्ष देऊन वाचतात, आणि आमच्या मते नेमणूक फसण्याचं पहिलं कारण तिथेच असतं. करारावर सही करण्याआधी यजमान संस्थेतल्या, म्हणजे जिथे काम करायचं त्या संस्थेतल्या, प्रत्यक्ष वरिष्ठाशी अर्धा तास बोलणं झालंच पाहिजे. पाठवणाऱ्या संस्थेच्या कार्यालयाशी बोलून ते भागत नाही. त्यांना विचारायचं: ही जागा कुणी मागितली? कुणाच्या बरोबर बसून काम करायचं आहे, आणि त्या व्यक्तीच्या आठवड्यात त्यासाठी किती तास मोकळे आहेत? आधी कुणी स्वयंसेवक इथे होता का, त्याचा शेवटचा अहवाल मिळेल का? कामाला निधी आहे का, की फक्त माणूस आहे? बैठका कुठल्या भाषेत होतात? स्थानिक सहकाऱ्याचं नाव किंवा निदान पद जर कुणालाच सांगता येत नसेल, तर ती जागा अजून तयार नाही असं समजावं. निघण्याची तारीख दोन महिने पुढे गेली तरी चालते. सहकारी नसताना गेलेला माणूस मात्र एकट्यानं काम करतो, आणि तो परतला की ते काम थांबतं.

दोन प्रकारच्या जागांपासून आम्ही लोकांना स्पष्टपणे परावृत्त करतो. पहिली, नियमित पद रिकामं आहे म्हणून मागितलेली जागा. तिथे स्वयंसेवक गेला की पद भरण्याची घाई संपते, पात्र स्थानिक उमेदवार घरी बसतो आणि स्वयंसेवक परतल्यावर पद पुन्हा रिकामंच राहतं. दुसरी, अनाथालयातली थोड्या दिवसांची जागा. अशा संस्थांमधल्या बहुसंख्य मुलांच्या आई-वडिलांपैकी किमान एक जण हयात असतो. येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांमुळे मुलांना वारंवार लळा तुटण्याचा अनुभव येतो, आणि पाहुण्यांच्या पैशामुळे मुलं गोळा करणाऱ्यांचं फावतं. ऑस्ट्रेलियानं २०१८ साली आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला, त्या वेळी अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीची गंभीर दखल घेतली गेली. हेतू कितीही चांगला असला तरी ही जागा घेऊ नये.

आरोग्याची तयारी सहा महिने आधी सुरू करायची याला सरळ कारण आहे: हिपॅटायटिस बी च्या लशीचे तीन डोस नेहमीच्या वेळापत्रकात शून्य, एक आणि सहा महिने असे असतात. नर्स, डॉक्टर, प्रयोगशाळेत जाणारे यांनी तर ही लस टाळूच नये. बाकीच्या लशी पुढच्या महिन्यांत बसवता येतात. टायफॉइडचं इंजेक्शन निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी. रेबीजचे दोन प्रतिबंधक डोस सात दिवसांच्या अंतरानं. कुत्रा चावला तर हे डोस घेतलेल्यालाही जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुऊन आणखी दोन डोस घ्यावेच लागतात, पण इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागत नाही. दुर्गम भागात नेमकं तेच मिळत नाही, म्हणून आधीच्या डोसांना इतकं महत्त्व आहे. पीतज्वराची (यलो फीवरची) लस घेतल्यावर तिचं प्रमाणपत्र दहा दिवसांनी वैध होतं. विमान नवव्या दिवशी असेल तर सीमेवर अडवणूक होऊ शकते. ११ जुलै २०१६ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर वैध मानलं जातं, जुन्या पुस्तिकेवर दहा वर्षांची मुदत छापलेली असली तरीही. पुस्तिकेतलं नाव पासपोर्टशी अक्षरशः जुळतंय का आणि लसीकरण केंद्राचा शिक्का आहे का, हे केंद्रातून बाहेर पडायच्या आधी पाहा. गोवराची आणि पीतज्वराची लस, या दोन्ही जिवंत (दुबळ्या केलेल्या विषाणूंच्या) लशी आहेत. त्या एकाच दिवशी घ्याव्यात किंवा मध्ये किमान चार आठवडे जाऊ द्यावेत.

मलेरियाच्या गोळ्यांबाबत सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण प्रत्येक गोळीचं वेळापत्रक वेगळं असतं. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा, निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी सुरू करायची. झोप आणि मनःस्थिती बिघडते का ते घरीच कळावं हा त्यातला हेतू. नैराश्याचा किंवा फिट येण्याचा इतिहास असेल तर ती घेऊच नये. डॉक्सिसायक्लिन रोज, एक-दोन दिवस आधीपासून. भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. तिच्यामुळे कातडी उन्हानं लवकर भाजते. या दोन्ही गोळ्या मलेरियाचा भाग सोडल्यावर चार आठवडे चालू ठेवाव्या लागतात. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल रोज, आणि परतल्यावर सात दिवस. विमानतळावर उतरलं की गोळ्या बंद करणं ही नेहमीची चूक आहे. यकृतातून रक्तात उतरणारे परजीवी याच दिवसांत उतरतात.

दातांची तपासणी आणि उरलेली कामं निघण्याआधी संपवा. कायमची औषधं असतील तर मूळ पाकिटात, औषधाच्या रासायनिक नावासह डॉक्टरांच्या चिठ्ठीबरोबर न्या. कोडीनसारखी वेदनाशामकं आणि मनोविकारांवरची काही औषधं कित्येक देशांत बेकायदा ठरतात, म्हणून दूतावासाकडे आधी लेखी चौकशी करायची. आणि एक गोष्ट जवळजवळ सगळे विसरतात, ती म्हणजे निघण्याआधीच्या तपासण्या: रक्तगणना, यकृताची चाचणी, छातीचा एक्स-रे, क्षयरोगाच्या संसर्गाची रक्तचाचणी. परतल्यावर चाचणी पॉझिटिव्ह आली तर संसर्ग जुना की नवा, हे आधीच्या कागदाशिवाय सांगता येत नाही.

विम्याची पॉलिसी ओळ न ओळ वाचा. वैद्यकीय कारणासाठी विमानानं हलवण्याचा खर्च, आधीपासूनचे आजार, मानसिक आरोग्यावरचे उपचार, मोटारसायकलचा अपघात आणि परतल्यानंतर उघडकीला आलेला आजार, या पाच ठिकाणी पॉलिसी तुटपुंजी निघते. मोटारसायकल टॅक्सीवर बसायची वेळ येणार असेल तर स्वतःच्या मापाचं हेल्मेट सामानात घालाच. धडधाकट माणसासाठी परदेशातला खरा धोका रस्त्यावरचा असतो, याकडे लशींच्या धामधुमीत दुर्लक्ष होतं.

कागदपत्रांत पासपोर्टची मुदत नेमणूक संपल्यावर निदान सहा महिने शिल्लक हवी. पर्यटक व्हिसावर जाऊन काम सुरू करा, परवाना नंतर काढू, असं यजमान संस्था म्हणाली तर नकार द्या. दंड आणि हकालपट्टी स्वयंसेवकाच्या वाट्याला येते. पदव्यांवर अपोस्टिल, म्हणजे त्या खऱ्या असल्याचं परदेशात चालणारं सरकारी प्रमाणपत्र, लागतं. यजमान देश अपोस्टिल मानणाऱ्या १९६१ च्या हेग करारात नसेल तर दूतावासाकडून साक्षांकन करून घ्यावं लागतं, आणि त्याला जास्त आठवडे लागतात. पोलिसांचा चारित्र्य दाखला मात्र फार आधी काढू नका, त्याची मुदत थोडी असते. बँकेचा ओटीपी घरच्या सिमवर येतो. ते सिम बंद पडलं तर खात्यातले पैसे असूनही काढता येत नाहीत. सिम रोमिंगवर जिवंत ठेवा किंवा खात्याची पडताळणी अ‍ॅपवर घ्या, आणि हे निघण्याच्या महिनाभर आधी वापरून बघा. एका विश्वासू व्यक्तीला कुलमुखत्यारपत्र द्या. मृत्युपत्र केलेलं नसेल तर करा.

याच काळात परतीची तजवीज करायची. नोकरीत रजा मिळत असेल तर परतल्यावर पद, श्रेणी आणि ज्येष्ठता यांचं काय, हे पत्रात लिहून घ्या. तोंडी आश्वासन देणारा अधिकारी दोन वर्षांत बदलून गेलेला असतो. नर्सिंग, वैद्यकीय किंवा अन्य व्यावसायिक नोंदणीचं नूतनीकरण मध्येच कुठल्या महिन्यात येतं ते पाहून ठेवा. तीन महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम बाजूला ठेवा आणि तिला हात लावू नका. बऱ्याच योजनांमध्ये शेवटी पुनर्वसन भत्ता मिळतो, पण तो विमानात बसण्याआधी मिळणार की अहवाल मंजूर झाल्यावर, हे करारात शोधा.

आचारसंहितेवर सही करताना ती मोठ्यानं वाचावी असा आमचा आग्रह असतो. संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांच्या २००३ च्या परिपत्रकानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीशी लैंगिक संबंध निषिद्ध आहेत, स्थानिक कायद्यात वय काहीही असो. वय ठाऊक नव्हतं ही सबब चालत नाही. पैसा, नोकरी, वस्तू किंवा मदत यांच्या बदल्यात लैंगिक संबंध हेही निषिद्ध आहेत, आणि सहकाऱ्याबद्दल संशय आला तर कळवणं हे कर्तव्य आहे. कळवायचं कुणाला? त्या व्यक्तीचा फोन नंबर कागदावर लिहून घ्या, आणि ती व्यक्ती यजमान संस्थेबाहेरची असू द्या. मुलांचे, रुग्णांचे फोटो नाव-गावासह टाकू नयेत, हाही याच संहितेचा भाग समजावा.

सामानाबद्दल फार लिहीत नाही. कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी, हेडलॅम्प, चष्म्याची दुसरी जोडी, कागदपत्रांच्या दोन प्रती, ओआरएसची पाकिटं. बाकीचं तिथे मिळतं. रुग्णालयात काम करणार असाल तर सुई टोचल्यास एचआयव्हीच्या प्रतिबंधक औषधांची सोय कुठे आहे ते पहिल्याच दिवशी विचारा. ही औषधं लवकरात लवकर, ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. जवळ सोय नसेल तर पाठवणाऱ्या संस्थेकडून सुरुवातीचा डोस सोबत मागून घ्या.

तिथे पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यातच लक्षात येतं की कामाचा तपशील प्रत्यक्षाशी जुळत नाही. यात कुणाचा खोटेपणा नसतो. तो कागद वर्षभरापूर्वी लिहिलेला असतो, लिहिणारा बदलून गेलेला असतो, निधीचा हप्ता अडकलेला असतो. पहिले सहा आठवडे नवीन काही सुरू न करता पाहण्यात घालवावेत. कोण कुणाला अहवाल देतं, कुठली नोंदवही खरोखर भरली जाते, कुठला तक्ता फक्त पाहणीच्या दिवशी बाहेर येतो, हे बघा. रोज एक तास भाषेला द्या; पीस कोरमध्ये दोन वर्षांच्या सेवेआधी साधारण तीन महिने प्रशिक्षण असतं आणि त्यात भाषेला मोठं स्थान असतं, ते उगाच नाही. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी वरिष्ठ आणि सहकारी यांच्यासोबत बसून कामाचा तपशील नव्यानं लिहा आणि त्यावर तिघांच्या सह्या घ्या.

त्यानंतरचा धोका वेगळा असतो. सहकाऱ्याला जे करायला दोन दिवस लागतात ते स्वयंसेवक दोन तासांत करून टाकतो. सगळे खूश होतात, आणि हळूहळू ते काम स्वयंसेवकाचंच होऊन बसतं. हे ओळखायला आम्ही साध्या खुणा सांगतो: मासिक अहवालाची फाइल कुणाच्या संगणकावर आहे? बैठकीत आकडे कोण वाचतं? जिल्हा कार्यालयातून फोन कुणाला येतो? तिन्हींचं उत्तर स्वयंसेवक असेल तर काम त्याच आठवड्यापासून सहकाऱ्याच्या टेबलावर सरकवायला हवं, वेग निम्म्यावर आला तरी.

घरून वर्गणी काढून उपकरणं नेण्याचा मोह जबर असतो. नेण्याआधी व्होल्टेज, सुटे भाग, लागणारा कागद किंवा द्रव, दुरुस्ती करणारा माणूस आणि दुसऱ्या वर्षाचा खर्च कोण देणार, हे सगळं लिहून द्यायला सांगा. यातलं एक जरी उत्तर मिळालं नाही तर ते उपकरण सहा महिन्यांत कोपऱ्यात जाऊन पडतं, आणि वर त्याची नोंद ठेवण्याचं काम वाढतं.

चार्ज देण्याची सुरुवात शेवटच्या आठवड्यात करून चालत नाही, तीन महिने आधी करावी लागते. फाइली यजमान संस्थेच्या संगणकावर आणि सहकाऱ्याला सापडतील अशा नावांनी ठेवा. स्वयंसेवकाच्या खासगी ईमेलवर काहीही राहता कामा नये. एक्सेलमध्ये सूत्रं असतील तर ती कशी चालतात हे सहकाऱ्यानं समजावून सांगावं आणि स्वयंसेवकानं ऐकावं. समजलं की नाही ते असंच कळतं. बाहेरच्या कार्यालयांतली ओळख प्रत्यक्ष नेऊन करून द्या. अपूर्ण कामाला अपूर्ण म्हणा. शेवटचे चार आठवडे सगळं सहकाऱ्यानं चालवायचं आणि स्वयंसेवकानं शेजारी बसायचं. अहवाल दोन-तीन पानी असू दे, पण तिथल्या कामकाजाच्या भाषेत.

याच आठवड्यांत स्वतःचे कागद गोळा करा. संस्थेच्या लेटरहेडवर नेमक्या तारखा आणि जबाबदाऱ्या असलेलं अनुभव प्रमाणपत्र, यजमान देशाच्या पोलिसांचा चारित्र्य दाखला, कर भरल्याचा दाखला, वैद्यकीय नोंदींच्या प्रती. तिथला पोलीस दाखला पुढे कुठल्याही व्हिसाला किंवा मुलांसोबतच्या नोकरीला मागितला जातो आणि परतल्यावर दुसऱ्या देशातून मिळवणं फार किचकट असतं. राहण्याचा परवाना परत करून पावती घ्या, बँकेचं खातं बंद करा. निरोपही राहू देऊ नका. ज्यांच्यासोबत काम केलं त्यांना भेटून सांगणं बाकी राहिलं की परतल्यावर ते फार टोचतं.

परतल्यावर पहिला नियम तापाचा. वर्षभरात केव्हाही ताप आला तर डॉक्टरांना आपणहून देशाचं नाव आणि परतल्याची तारीख सांगायची, आणि त्याच दिवशी मलेरियाची रक्ततपासणी करून घ्यायची. मलेरियाचा फाल्सिपेरम हा प्रकार बहुधा पहिल्या तीन महिन्यांत उद्भवतो, पण व्हायवॅक्स आणि ओव्हेल या प्रकारांचे परजीवी यकृतात दडून राहतात आणि गोळ्या नीट घेऊनही कित्येक महिन्यांनी उठतात. त्यासाठी प्रायमाक्विन हे औषध असतं, पण आधी जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) चाचणी केल्याशिवाय ते घेऊ नये. त्या विकराची कमतरता असेल तर रक्तपेशी फुटतात. तलावात किंवा नदीत उतरणं झालं असेल तर शिस्टोसोमियासिसची (गोड्या पाण्यातून होणाऱ्या कृमीरोगाची) रक्तचाचणी शेवटच्या संपर्कानंतर दोन-तीन महिन्यांनी करा, त्याआधी ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. क्षयरोगाची चाचणीही आठ ते दहा आठवड्यांनी. या तारखा परतीच्या तिकिटाबरोबरच कॅलेंडरवर लिहाव्यात, कारण अंगात काही जाणवत नसताना तपासणीला कुणी आपणहून जात नाही.

मनाचं वेळापत्रक इतकं नेमकं नसतं, पण त्याचा अभ्यास जुना आहे. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी १९६० साली सांस्कृतिक धक्क्यावर, म्हणजे परक्या देशात सुरुवातीच्या उत्साहानंतर मन खचण्यावर, लिहिलं. १९६३ साली गुलाहॉर्न या संशोधक दांपत्यानं दाखवलं की मायदेशी परतल्यावर तीच उतरण पुन्हा येते. जाताना सगळे त्या धक्क्यासाठी तयार असतात, परतताना कुणीच नसतं. तिथे रोज दहा जण सल्ला विचारत होते, इथे फोन वाजत नाही. घरचे दोन मिनिटं उत्सुकतेनं ऐकतात आणि विषय बदलतो. म्हणून आम्ही तीन उत्तरं तयार करायला सांगतो: अर्ध्या मिनिटाचं, पाच मिनिटांचं, आणि ज्याला खरंच ऐकायचं आहे त्याच्यासाठी पूर्ण संध्याकाळचं. त्या तिसऱ्यासाठी परतलेल्या स्वयंसेवकांचा गट शोधावा.

कामाचा आढावा आणि मनाचा आढावा या दोन बैठका वेगळ्या, वेगळ्या माणसांनी घ्यायला हव्यात. पुढच्या नोकरीसाठी शिफारस देणाऱ्यासमोर झोप लागत नाही हे कुणी सांगत नाही. आजारपणामुळे किंवा अशांततेमुळे दोन दिवसांत बाहेर काढलेल्यांना सगळ्यात जास्त जपावं लागतं. त्यांचा ना चार्ज दिलेला असतो, ना निरोप घेतलेला. झोप उडणं, दचकणं, त्याच त्या आठवणी येणं किंवा दारू वाढणं महिन्याभरापुढे टिकलं तर समुपदेशकाकडे जायचंच. विम्यात त्याची सोय आहे का, हे आधी वाचलेलं असतं ते इथे उपयोगी पडतं.

नोकरीच्या अर्जात 'दोन वर्षं समाजसेवा' असं लिहू नका. निवड करणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. काय होतं, काय बसवलं आणि आता ते कोण चालवतं, हे लिहा: 'बारा आरोग्य केंद्रांच्या औषधसाठ्याची मासिक नोंद बसवली, आता जिल्ह्याचे कर्मचारी ती चालवतात.' अशा वाक्यात प्रशासन, प्रशिक्षण आणि दुसऱ्या भाषेतली चिकाटी तिन्ही येतात.

तिथून पैशाच्या मागण्या येत राहतील. कुणाच्या फीसाठी, कुणाच्या आजारपणासाठी. एकेकट्यानं पैसे पाठवायला लागलात की तिथल्या सहकाऱ्यांत तेढ निर्माण होते, हे आम्ही वारंवार पाहिलं आहे. पाठवणाऱ्या संस्थेचा नियम काय आहे ते आधी विचारा आणि सगळ्यांना एकच उत्तर द्या. सहा महिन्यांनी मात्र सहकाऱ्याला फोन करून विचारा की कुठली नोंदवही अजून भरली जाते, कुठली बंद पडली आणि का. जे उत्तर येईल ते पाठवणाऱ्या संस्थेला लेखी कळवा. त्या जागी पुढचा स्वयंसेवक पाठवायचा की नाही, हे बहुधा त्याच सुमारास ठरत असतं.